वेलाला फुलं भरपूर, मधमाशी मात्र फिरकत नाही, मग फळ धरणार कसं?

प्रश्न: नमस्कार ताई, माझ्याकडे गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये दुधी, लाल भोपळा आणि काकडीचे वेल आहेत, कुंड्यांमध्ये टोमॅटो, वांगी आणि मिरची आहे. वेल एकदम जोमात आहेत, फुलंही रोज येतात, पण दुधीला आणि भोपळ्याला बोटाएवढं फळ दिसतं आणि चार-पाच दिवसांत पिवळं पडून गळून जातं. काकडी आलीच तर एका बाजूला फुगीर आणि दुसऱ्या बाजूला चिमटल्यासारखी. टोमॅटोची फुलं तर देठासकट पडतात. मधमाश्या दिसतच नाहीत. एकांनी सांगितलं खत वाढवा, दुसरे म्हणाले हार्मोनचा स्प्रे मारा. मी रोज कामं आवरून दहा-साडेदहाला इअरबडने पराग लावून बघितले, तरी दुधीला काहीच फरक नाही. घरात सगळे म्हणतात हे असलं कृत्रिम कशाला करत बसतेस. माझं काय चुकतंय? मधमाश्यांची पेटी आणून ठेवू का? आणि हाताने पराग लावून आलेल्या फळाचं बी पुढे लावलं तर चालतं का?

उत्तर:

ताई, तुम्ही पत्रात एक गोष्ट सहज लिहून गेलात, "दहा-साडेदहाला", आणि माझ्या मते निम्मा घोळ तिथेच आहे. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी ऊन उतरल्यावर उमलतं, रात्रभर उघडं राहतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मान टाकतं, म्हणजे तुम्ही इअरबड घेऊन गेलात तोवर त्या फुलाचं काम आटोपलेलं होतं. लाल भोपळ्याचं उलट, ते पहाटे उजाडायच्या सुमाराला उघडतं आणि नऊ-दहापर्यंत मिटायला लागतं, तिथेही तुम्ही पोचलात ते अगदी शेवटाला. आणि फिमेल, म्हणजे फळ धरणाऱ्या मादी फुलाला तेवढी एकच संधी असते, उद्या तेच फूल परत उघडणार नाही. तुम्ही हाताने परागीभवन करायचं ठरवलंत ते एकदम बरोबर आहे, ते सोडू नका, फक्त कुठल्या भाजीचं फूल कधी उघडतं ते बघून त्या वेळेला जा.

पण त्याआधी एक खात्री करून घ्या, फळं खरंच पराग न मिळाल्यामुळे गळतायत का. कोवळं फळ पिवळं पडून गळायला अजूनही कारणं असतात आणि लांबून सगळं सारखंच दिसतं. पुढचं गळलेलं फळ लगेच फेकू नका, हातात घेऊन उजेडात फिरवून बघा. सालीवर टाचणी टोचल्यासारखं बारीक भोक आणि त्याच्यावर डिंकासारखा वाळलेला थेंब दिसला की ती फळमाशी, तिथे सुरीने चिरलंत तर आत बारीक पांढऱ्या अळ्या दिसतील. अशी फळं असतील तर कितीही पराग लावा, काही उपयोग नाही, आधी माशीचा बंदोबस्त करायला लागेल. गळलेली फळं रोजच्या रोज उचलायची आणि पिशवीत घट्ट बांधून टाकायची, कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये अजिबात नाही, कारण अळी फळातून बाहेर पडून मातीतच कोष करते आणि पुढची पिढी तिथूनच निघते. दुधी-कारल्यावरच्या माशीसाठी क्यू-ल्यूरचा सापळा मिळतो तो टांगून ठेवा, त्यात नर माश्या अडकतात, आणि फळ धरलं की त्याच्यावर कागदी किंवा पातळ कापडाची पिशवी चढवा. पिशवी मात्र पराग लावून झाल्यावरच, आधी चढवलीत तर उरलीसुरली मधमाशीसुद्धा आत जाऊ शकणार नाही.

साल गुळगुळीत आहे, भोक नाही, अळी नाही, आणि फळ जेवढं होतं तेवढंच राहून फुलाच्या टोकाकडून पिवळं होत आत आखडलंय, असं असेल तर बहुतेक पराग पोचलेला नाही. तुमची ती एका बाजूला चिमटलेली काकडी हे तर याचं अगदी नेहमीचं लक्षण आहे. आतल्या प्रत्येक बीला स्वतःचा एक परागकण लागतो, ज्या भागातल्या बिया धरतात तो भाग फुगतो आणि जिथे पराग कमी पडले तो भाग तसाच राहतो. म्हणजे तुमच्याकडे कोणीतरी कीटक येतोय, पण पुरेशा फेऱ्या होत नाहीयेत.

अजून खात्री करायची असेल तर दोन फिमेल फुलांना योग्य वेळी नीट पराग लावा आणि देठाला रंगीत दोरा बांधा, आणि त्याच वेलावरची दुसरी दोन तशीच सोडा. आठवड्याच्या आत कळेल. दोऱ्याची फळं वाढली आणि बाकीची गळली तर प्रश्न परागाचा आहे. दोन्ही गळली तर प्रश्न दुसरीकडे आहे, म्हणजे पाणी, मुळांना जागा, प्रचंड ऊन, किंवा वेलावर आधीच असलेली फळं. हे शेवटचं बरेच जण विसरतात, ड्रममधल्या भोपळ्याच्या वेलावर एक-दोन फळं भरत असतील तर वेल पुढची फळं स्वतःच सोडून देतो, त्यात कुणाचा दोष नाही, तेवढ्या मातीत तो तेवढंच पोसू शकतो.

आता मेल आणि फिमेल फूल. वेलवर्गातल्या बहुतेक भाज्यांची ही दोन फुलं वेगवेगळी असतात, पण एकाच वेलावर. फिमेल फुलाच्या खाली, देठ आणि पाकळ्यांच्या मधे, त्या भाजीचं इवलंसं रूप आधीपासूनच तयार असतं, दुधीला लवदार हिरवी कांडी, भोपळ्याला गोळी, काकडीला काटेरी बारीक काडी. मेल फुलाला फक्त सरळ बारीक देठ. आत डोकावून बघितलं तर मेलमध्ये मधोमध पिवळ्या पावडरीने माखलेला दांडा असतो आणि फिमेलमध्ये त्याजागी दोन-तीन पाळ्यांचा चिकट, जाडसर भाग, त्याला कुक्षी म्हणतात. लोक तुमच्यासारखंच म्हणतात की बोटाएवढं "फळ" धरलं आणि गळलं, पण ते फळ धरलेलं नसतंच, ती अजून फक्त शक्यता असते, पराग पोचले तरच त्याचं फळ होतं.

सुरुवातीचे काही दिवस नुसती मेल फुलंच येतात आणि गळतात, त्याने घाबरू नका, फिमेल मागाहून येतात. पण वेल महिनाभर फुलतोय आणि फिमेल दिसतच नाही असं झालं तर नत्र (खतातलं नायट्रोजन) जास्त झालंय का बघा. खूप नत्र, खूप उष्णता आणि लांब दिवस यांनी मेल फुलं वाढतात. म्हणून तुम्हाला खत वाढवा म्हणून जो सल्ला मिळाला तो तुमच्या बाबतीत मला पटत नाही, वेल जोमात आहे असं तुम्हीच म्हणताय, त्याला अजून नत्र दिलंत तर पानं वाढतील, फळं नाही. दुधी-दोडक्याला मुख्य वेलाचा शेंडा खुडून बाजूच्या फांद्या आणि मग त्यांचेही शेंडे खुडून पुढच्या फांद्या वाढवतात, ज्याला सगळे थ्री-जी कटिंग म्हणतात, त्याने फिमेल फुलं वाढतात हे खरंय, कारण ती बाजूच्या फांद्यांवरच जास्त येतात. फक्त सगळ्या वेलांवर एकदम कात्री चालवू नका, मेल फुलं लागणारच आहेत, एखादा वेल मोकळा वाढू द्या.

आता वेळा सांगते, आणि हे जरा नीट वाचा कारण सगळा खेळ याच्यावर आहे. लाल भोपळा, झुकिनी, कोहळा, काकडी, कलिंगड, कारलं ही सगळी सकाळची फुलं, उजाडल्यापासून आठ वाजेपर्यंत काम झालं तर उत्तम, भोपळ्याला तर जितक्या लवकर जाल तितकं चांगलं. काकडी-कलिंगडाचं फूल जरा जास्त वेळ उघडं दिसतं पण ऊन तापलं की पराग दम धरत नाहीत. दुधी, दोडका, पडवळ ही संध्याकाळची. दोडका आणि घोसाळं यांच्यात हमखास गोंधळ होतो, दोघं एकाच घराण्यातले, दोघांची फुलं पिवळी, पण दोडका संध्याकाळी पाचनंतर उमलतो आणि घोसाळं पहाटे. पडवळाचं झालरीसारखं पांढरं फूल तर अंधार पडल्यावरच पूर्ण उघडतं. एकूण पांढरं आणि संध्याकाळी उघडणारं फूल दिसलं की समजायचं हे पतंगांसाठी आहे, दुधीवर रात्री लांब सोंडेचे हॉक मॉथ येतात, तेव्हा दुधीसाठी दिवसा मधमाशी शोधून तसाही फारसा उपयोग नाही.

आणि इथे एक साधी गोष्ट करून बघा, गच्चीवर रात्री मोठा दिवा लावत असाल तर फुलांच्या दिवसांत तो बंद ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये कुरणांवर रात्री दिवे लावून अभ्यास केला होता, 2017 मध्ये तो प्रसिद्ध झाला, दिव्याखालच्या फुलांवर रात्रीच्या कीटकांच्या फेऱ्या 62 टक्क्यांनी कमी झाल्या. तुमचा दिवा कदाचित एवढा प्रखर नसेल, पण बंद करायला काही लागत नाही.

आदल्या दिवशीच बघून ठेवलंत तर धावपळ होत नाही. उद्या उघडणारी भोपळ्याची कळी संध्याकाळी ओळखू येते, हिरवेपणा जाऊन टोक पिवळं-केशरी झालेलं असतं आणि कळी फुगून घट्ट दिसते. उद्या फिमेल उघडणार आहे आणि मेल कळी एकही नाही असं दिसलं तर दुसऱ्या कुणाच्या वेलावरची पिकत आलेली मेल कळी लांब देठासकट आणून पाण्यात उभी करून ठेवा, सकाळी ती आपोआप उघडते. त्याच भाजीची दुसरी जात असली तरी चालतं, आणि एकाच वेलावरचं मेल-फिमेलही चालतं. पण दुधीला भोपळ्याचे पराग लावून काही होणार नाही, त्या वेगळ्या वनस्पती आहेत.

प्रत्यक्ष करायचं असं. ताजं उघडलेलं मेल फूल देठासकट तोडा, बोट हलकं लावून बघा, बोटाला पिवळी पावडर लागली पाहिजे. लागत नसेल तर एकतर अजून फुटलेलं नाही किंवा ओलं आहे, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग पाकळ्या मागे वळवा किंवा सरळ तोडून टाका, म्हणजे मधला दांडा मोकळा होतो, आणि तो फिमेलच्या कुक्षीवर हलक्या हाताने गोल फिरवत टेकवा. भोपळ्याला कुक्षीच्या सगळ्या पाळ्यांना पराग लागले पाहिजेत, एकाच बाजूला लावलेत तर फळ वाकडं होतं किंवा गळतं. झाल्यावर वाकून बघा, आधी जी चकचकीत ओली दिसत होती ती कुक्षी आता पिवळ्या कणांनी भुरभुरलेली दिसली पाहिजे, तसं दिसलं तरच काम झालं. एका मेल फुलात दोन-तीन फिमेलचं होतं, आणि शक्य असेल तर एका फिमेलला दोन वेगवेगळ्या मेलचे लावा, पराग भरपूर पोचले की फळ भरदार होतं.

इअरबड मी वापरू नका म्हणेन, पराग त्या कापसाच्या तंतूंमध्ये शिरून बसतात आणि कुक्षीवर फार कमी उतरतात. कारलं-काकडीसारख्या बारीक फुलांना चित्र रंगवायचा मऊ, एकदम कोरडा ब्रश चांगला, किंवा छोटं मेल फूलच चिमटीत धरून पाकळ्या काढून लावा, मला ते जास्त खात्रीचं वाटतं. फळाला बोट लावू नका, ती लव आणि कोवळी साल पटकन दुखावते.

पाऊस असेल तर अडचण होते. पराग भिजले की फुगून फुटतात, मग ते लावून उपयोग नसतो. पावसाची शक्यता असेल तर आदल्या दिवशीच मेल आणि फिमेल दोन्ही कळ्यांवर कागदी पिशवी किंवा छोटा कप उलटा अडकवून ठेवा, सकाळी काढून पराग लावा आणि फिमेलवर परत झाका, संध्याकाळपर्यंत तरी. झाडांना वरून पाणी मारायची सवय असेल तर फुलं उघडी असताना ती बंद, पाणी बुंध्याशी.

काकडीच्या बाबतीत एकदा बियांचं पाकीट बघा. काही जाती परागाशिवायच फळ धरतात, पाकिटावर पार्थेनोकार्पिक किंवा सीडलेस लिहिलेलं असतं, त्यांना हात लावायची गरज नाही, उलट पराग लागले तर फळं बेढब होऊ शकतात. आणि काही हायब्रिड जातींना जवळजवळ सगळी फिमेल फुलंच येतात, पण पराग मात्र लागतात, अशांच्या शेजारी एक साधा काकडीचा वेल असायलाच हवा. तुमच्यासारखी चिमटलेली काकडी येतेय म्हणजे पराग लागणारी जात असण्याची शक्यता जास्त. तुम्ही कधी कर्टुली लावणार असाल तर तिचं अजून वेगळं, तिथे मेल आणि फिमेल वेलच वेगळे असतात, एकच वेल लावून वर्षभर वाट बघणारे लोक आहेत.

टोमॅटो, वांगी, मिरचीचं गणित पूर्ण वेगळं आहे, तिथे ब्रश-बिश काही नको. यांच्या एकाच फुलात मेल आणि फिमेल दोन्ही भाग असतात. टोमॅटोच्या फुलात पुंकेसर (परागांचे दांडे) एकमेकांना चिकटून पिवळी नळी होते आणि पराग त्या नळीच्या आत असतात, ते बाहेर पडायला फूल थरथरावं लागतं. भुंगे आणि बंबलबी (जाड, लवदार रानटी माशी) फुलाला लटकून अंग थरथरवतात, त्या गुणगुणण्याने पराग खाली सांडतात. मधमाशीला हे जमत नाही, म्हणून टोमॅटो धरत नाहीत याचा दोष मधमाशी नसण्यावर जात नाही. उघड्यावर वाऱ्यानेही बरंच काम होतं, पण बंद बाल्कनी, कोपरा, किंवा चारी बाजूंनी जाळी असेल तर वारा पण नाही आणि भुंगा पण नाही.

मग आपण थरथर द्यायची. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मधे, हवा कोरडी असताना, फुलांच्या घोसाच्या देठाला बोटाने टिचक्या मारा, किंवा जुना इलेक्ट्रिक टूथब्रश असेल तर चालू करून त्याची मागची बाजू घोसाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवा, फुलाला नाही, देठाला. खाली मोबाईलची काळी स्क्रीन धरा, पराग पडले तर त्याच्यावर बारीक पिवळट धूळ दिसते, लगेच समजतं. एक दिवसाआड केलं तरी पुरतं. म्हणजे तुमची ती दहा-साडेदहाची वेळ टोमॅटोसाठी अगदी बरोबर आहे, तेव्हा तिकडे वळा. पण टोमॅटोची फुलं देठाच्या मधल्या गाठीपाशी तुटून पडतायत आणि दिवसाचं तापमान 35 अंशांच्या वर, रात्रीचं 24-25 च्या वर असेल, तर परागच नीट तयार होत नाहीत, तेव्हा टूथब्रश काही करू शकत नाही. दुपारची सावली, मुळांवर आच्छादन, पाण्याची वेळ न चुकवणं एवढंच करायचं आणि हवा जरा उतरायची वाट बघायची. मिरचीचंही साधारण हेच, झाड हलकेच हलवलं तरी बास.

वांग्याचं फूल मात्र थरथर द्यायच्या आधी जवळून बघा. जांभळ्या पाकळ्यांच्या मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो, त्यातून हिरवट टोक बाहेर डोकावत असेल तर ते फळ धरणारं फूल. टोक आतच लपलेलं, आखूड असेल तर ते फूल तसंही गळणारच, वांग्याला अशी दोन्ही प्रकारची फुलं येतात आणि हे नॉर्मल आहे. घोसातलं मोठं, जाड देठाचं फूल बहुतेक वेळा लांब टोकाचं असतं, त्यालाच थरथर द्या. भेंडी, वाटाणा, घेवडा, चवळी यांची चिंताच नको, ती आपलं आपण उरकतात. पालेभाज्या आणि मुळा-गाजराला तर बी धरायचं नसेल तर परागाचा संबंधच नाही.

हार्मोनच्या स्प्रेबद्दल विचारलंत. तो गळ थांबवतो, पराग पोचवत नाही. मोठ्या लागवडीत काही पिकांना मोजून-मापून देतात ते वेगळं, गच्चीवर चमच्याच्या अंदाजाने मारलं तर डोस हमखास जास्त होतो आणि पानं वळतात, फळं पोकळ किंवा वेडीवाकडी होतात. तुमचा प्रश्न वेळेचा आहे, तो योग्य वेळेला गच्चीवर जाऊन सुटणारा आहे, त्याला बाटली कशाला.

घरच्यांना सांगा, यात कृत्रिम काही नाही, तेच पराग, तेच फूल, फक्त नेणारा वेगळा. जगातला जवळजवळ सगळा व्हॅनिला आज माणसांच्या हातानेच धरतो. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर व्हॅनिलाचे वेल होते, फुलत होते, पण शेंग धरत नव्हती कारण त्याचा मूळचा कीटक तिथे नव्हता. 1841 मध्ये एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा वापरून फुलातला पडदा बाजूला सारून पराग लावायची पद्धत शोधली, आणि तीच पद्धत आजही वापरतात. आपण भोपळ्याला करतो ते त्याहून कितीतरी सोपं आहे.

आता मधमाश्यांची पेटी. नको. अगदी मनापासून सांगते, नका आणू. एका पेटीत हजारो माश्या असतात, त्यांना रोज जेवढी फुलं लागतात तेवढी तुमच्या ड्रममध्ये कधीच नसणार, वर त्यांची देखभाल शिकावी लागते आणि शेजारीपाजारी कुणाला डंखाची ॲलर्जी असली तर जिवावर बेतू शकतं. शिवाय पराग नेणाऱ्या फक्त पेटीतल्याच माश्या नसतात. जगात मधमाशीच्या घराण्यातल्या माश्यांच्या 20,000 च्या आसपास जाती माहीत आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकेकट्या राहतात, मातीत बीळ करून नाहीतर पोकळ काडीत, लाकडाच्या भोकात. त्या लहान असतात म्हणून आपल्याला साधी घरमाशी वाटतात आणि आपण हाकलतो. त्यांच्यासाठी एखाद्या कुंडीतली माती उघडी, न उकरता ठेवा, पोकळ बांबूचे तुकडे जुडी बांधून आडवे ठेवा, आणि पसरट ताटलीत खडे टाकून खडे उघडे राहतील एवढंच पाणी ठेवा म्हणजे बुडत नाहीत.

फुलं मात्र भरपूर हवीत आणि सलग हवीत, भोपळा फुलला तेव्हाच त्यांना बोलवून भागत नाही, त्याच्या आधीपासून तिथे यायची सवय लागायला हवी. तुळस, सब्जा, मोहरी, सूर्यफूल, कॉसमॉस लावा, कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची एक-दोन रोपं न खुडता फुलू द्या, छोट्या माश्या त्यावर तुटून पडतात. गच्च पाकळ्यांची डबल जातीची फुलं दिसायला सुंदर पण त्यांच्या कामाची नाहीत, एकेरी पाकळ्यांची घ्या. वर कीटकांची जाळी लावलेली असेल तर फुलांच्या वेळेला एक बाजू उघडा, जाळी किडीला आणि मधमाशीला सारखीच अडवते.

आणि औषधं. यावर मी जरा कडक बोलणार आहे. उघड्या फुलावर काहीही मारायचं नाही, नीमतेल सेंद्रिय आहे म्हणून तेही नाही. सगळे सांगतात संध्याकाळी स्प्रे करा, सकाळच्या फुलांना ते ठीक आहे, पण त्याच गच्चीवर दुधी-दोडका त्याच वेळी उमलत असतो हे कोणी सांगत नाही, तिथे पतंग यायच्या वेळेला तुम्ही फवारता. कीड असते पानाच्या मागच्या बाजूला, तिथेच मारा, फुलं वाचवून. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम वगैरे आंतरप्रवाही औषधं तर फुलं येणाऱ्या भाजीला वापरूच नका, ती झाडाच्या अंगात भिनतात आणि पराग-मधातही उतरतात, म्हणजे फवारणी कुठल्याही वेळेला केली तरी मधमाशीपर्यंत पोचतात. युरोपियन युनियनने 2018 मध्ये यातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. नवीन बियाणं रंगीत लेप लावलेलं असेल तर लेप कशाचा आहे ते पाकिटावर वाचा.

शेवटी बियांचा प्रश्न. हाताने पराग लावले म्हणून बी कमअस्सल होत नाही, उलट पराग कुठून आले हे तुम्हाला पक्कं माहीत असतं. दुसऱ्या जातीचे पराग लागले तरी या वर्षीच्या फळाच्या चवीत फरक पडत नाही, फरक पडतो तो त्या बीतून उगवणाऱ्या पुढच्या वेलात. मूळ बी हायब्रिड असेल तर पुढची पिढी तशीच येणार नाही, ते बी धरू नका. देशी, सरळ वाणाचं असेल तर उमलायच्या काही तास आधी मेल आणि फिमेल दोन्ही कळ्यांची टोकं दोऱ्याने किंवा कागदी टेपने हलकी बंद करा, उमलायच्या वेळेला उघडून पराग लावा आणि फिमेल परत बंद करा, म्हणजे मधे कोणी दुसऱ्या वेलाचे पराग आणून टाकत नाही. ते फळ खायला तोडायचं नाही, वेलावरच पूर्ण पिकू द्यायचं, काकडी पिवळीधमक होईपर्यंत, दुधी साल टणक होऊन वाळेपर्यंत, भोपळ्याच्या सालीत नख रुतेनासं होईपर्यंत. दुधीचं बी धरताना आधी त्याच वेलावरचं एक कोवळं फळ कापून जिभेच्या टोकावर किंचित लावून बघा आणि थुंका. कडू लागलं तर त्या वेलाचं फळ खाऊ नका आणि बीही ठेवू नका, कडू दुधीतलं द्रव्य विषारी असतं, शिजवून जात नाही.